झरीच्या उसातली वाघाटी

शुक्रवार, ९ फेब्रुवारी. परभणी.

हजर: खिल्लारे सर, आमचे वाटाडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आणि सुटीच्या दिवशी रानमांजरांचे अभ्यासक. डॉ. पाटणकर, कोल्हापूरचे दातांचे डॉक्टर. तान्ह्या मुलासारखी कुशीत धरलेली लांबलचक लेन्स सोबत. वसुधाताई, निवृत्त परिचारिका, चिपळूणची माझी शेजारीण. वय सदुसष्ट, दोनपैकी एक गुडघा चांगला. आणि मी, नीलिमा, वय त्रेपन्न, चिपळूणच्याच एका शाळेत मुख्य लिपिक. गैरहजर: पुण्याचं एक जोडपं, आदल्या दिवशी ताप आल्यामुळे.

"परभणीला मांजर बघायला जाताय?" हा प्रश्न निघण्याआधी मला घरच्यांनी, शाळेतल्यांनी आणि दूधवाल्यानेही विचारला. उत्तर लांब होतं म्हणून मी नुसतं हो म्हणत होते. इथे सांगते. वाघ-बिबटे सोडले तरी आपल्या देशात मार्जारकुळातली बरीच रानटी मंडळी राहतात. त्यांच्यासाठी कुणी जीपची रांग लावत नाही. त्यातली सगळ्यात लहान ती वाघाटी. पूर्ण वाढलेली वाघाटी घरातल्या मांजराच्या निम्मी भरते. अंगावर गंजासारखे ठिपके, चेहऱ्याच्या मानाने डोळे फार मोठे. दिवसा उसात, झाडाच्या ढोलीत नाहीतर दगडांच्या सांदीत झोपते आणि तिन्हीसांजेला बाहेर पडते. गेली नऊ वर्षं मी अशा मांजरांची वही ठेवते आहे. आठ नावांपुढे बरोबरची खूण आहे. वाघाटीपुढे चार प्रवास आणि चार फुल्या.

गाडीत सेलूच्या आधीच मी बॅगा खाली काढल्या. समोरच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "बसा की बाई निवांत. सेलू यायलंय, परभणीला लय टाइम हाय." मी बसले. सेलूला रुळांपलीकडे जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग दिसले, ते बघायला पुन्हा उठले. आजोबांनी वसुधाताईंकडे पाहून मान हलवली. वसुधाताईंनीही हलवली.

मुक्काम झरी गावाच्या पुढे, खिल्लारे सरांच्या मामेभावाच्या मळ्यात. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे बोअरचं गार पाणी. आमच्याकडे घराबाहेर पडलं की वीस पावलांवर नजर अडते, झाड तरी येतं नाहीतर डोंगर. इथे काहीच आडवं येत नाही. काळी जमीन, तिच्यावर ज्वारी, हरभरा, पिवळी करडई, आणि मधेच हिरव्या भिंतीसारखा उसाचा फड. इतक्या उघड्या जागेत काही लपू शकतं यावर माझा विश्वास बसेना. सर म्हणाले, "ताई, लपायला झाड लागतं असं कोकणातल्या मांजराला वाटत असंल. इकडं ढेकळामागं बी भागतं."

जेवणात ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा कच्चा घोळाणा, आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य नि मसाला भाजून दळून ठेवलेलं पीठ; उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडलं की दहा मिनिटांत आमटी. मी कृती उतरवून घेतली. डॉक्टरांनी ठेच्याचा पहिला घास घेतला आणि पुढची पाच मिनिटं दातांविषयी काही बोलले नाहीत, जे ते एरवी सतत बोलत असत.

संध्याकाळी गायरानाच्या कडेला दोन तास बसलो. दिसलं ते: एक कोल्हा, सात तित्तिर, ओल्या मातीत मांजराच्या पावलांचे जुने ठसे. सरांचा नियम एकच होता, हलायचं नाही. मी पाण्याची बाटली काढली, ठेवली, दुर्बीण पुसली, वेळ लिहिली, पुन्हा वेळ लिहिली.

"ताई," सर हळूच म्हणाले, "तुम्ही बसलाव, पण तुमचे पाय चालायलेत की."

शनिवार, १० फेब्रुवारी. गायरान आणि कमलबाईंचा फड.

सकाळी थंडी होती. सर जीप लावायला मागे थांबले आणि आम्ही तिघं पुढे निघालो. गायरानात मेंढरांचा कळप चरत होता. राखणीला सत्तरीचे गृहस्थ, खांद्यावर घोंगडी. नाव विचारलं तर म्हणाले, माणिकबाप्पा म्हणतेत. सर येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण मला वेळ फुकट घालवणं जमत नाही.

"बाप्पा, इकडे वाघाटी आहे का हो?"

"वाघाटी? लय हाय की."

माझं पेन थांबलं. नऊ वर्षांत हे उत्तर मला कुणीच दिलं नव्हतं. "तुम्ही स्वतः पाहिलीय?"

"पाह्यलीय म्हंजे? लहानपनापासून खायलोय."

डॉक्टरांनी माझं कोपर दाबलं. "लिहून घ्या. शिकार होते इथे."

"कुठे आहे?" मी विचारलं.

"त्या वड्याला. यंदा लय माजलीय. पर हात लावताना जपून बरं, वरबाडती."

"दाखवता का?"

बाप्पांनी मेंढरांकडे एकदा पाहिलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कीव आल्यासारखे निघाले. ओढा दीड किलोमीटर लांब निघाला. वसुधाताईंचा चांगला गुडघासुद्धा कुरकुरायला लागला. डॉक्टर लेन्स तयार धरून, श्वास रोखून, पाय न वाजवता चालत होते. ओढ्याच्या काठावर बाभळीवर एक काटेरी वेल चढली होती. बाप्पा तिच्यासमोर थांबले.

"ही बगा."

"कुठे?" डॉक्टर कुजबुजले.

"म्होरंच की. आंधळे हाव का?"

डॉक्टरांनी वेलीच्या आत, खाली, मागे सगळीकडे लेन्स फिरवली. वसुधाताई पुढे झाल्या, एक पान हातात घेऊन पाहिलं आणि मटकन खाली बसून हसायला लागल्या. "अगं नीलिमा, वाघाटी! वाघाट्याची भाजी! आषाढातल्या द्वादशीला तुझी आई करायची ती!"

खरंच ती वाघाट्याची वेल होती. वाघनखासारखे वाकडे काटे, म्हणून तिचं ते नाव. मांजराचंही तेच नाव, पण ते आम्हा वहीवाल्यांना माहीत. तेवढ्यात सर धापा टाकत पोचले, त्यांना प्रकार कळला. "इकडं गावात वाघाटी म्हणलं की वेलच. मांजराला नुसतं रानबोका म्हणतेत."

बाप्पांचा आता अपमान झाला होता. "मांजर पाहिजे व्हतं तर मांजर म्हनायचं ना. मला काय ठावं मानूस मांजर बघाया इतक्या लांबून येतं?" मग घोंगडी सावरत म्हणाले, "आन् बघायचंच तर कमलच्या फडात जावा. ऊस तोडताना बिबट्याची पिल्लं घावलीत म्हनायलेत. त्याच्यामुळं तर मी मेंढरं इकडं हानली."

सरांचा चेहरा बदलला. "कधी घावली?"

"आज पहाटंच."

आम्ही धावतच जीपकडे गेलो. वसुधाताईसुद्धा.

फडाचा मोठा भाग तोडून झाला होता. बांधाला उसाच्या चार सऱ्या, म्हणजे ओळी, उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर पन्नासेक माणसं. हातांत काठ्या, कोयते, मोबाइल. मधोमध एक घमेलं, त्यात पाचटाखाली, उसाच्या वाळक्या पाल्याखाली, दोन पिल्लं. प्रत्येक माझ्या मुठीएवढं. करड्या अंगावर काळपट ठिपक्यांच्या ओळी. एकाचे डोळे उघडे होते, निळसर, कशावरही न ठरणारे.

ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. "माय याच चार सऱ्यांत हाय. माझ्या बायामानसांना मी आत घालनार न्हाई. पाचटाला काडी लावा, धा मिनिटांत मैदान खुलं."

"काडी लावायची न्हाई," एक बाई म्हणाली. चाळिशीची, पदर डोक्यावर, आवाज मुकादमापेक्षा अर्धाच. फड तिचा होता. कमलबाई. नवरा दोन दिवस लग्नाला गेलेला. "जळाला तर कारखाना वजन धरील का?"

"मंग बिबट्या तुमी काढा बाहेर."

सर गर्दीत शिरले, घमेल्यापाशी बसले, हात न लावता पाहिलं. उठले तेव्हा त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. "हा बिबट्या नाही. ही वाघाटी आहे."

मग मागून एक बाई म्हणाली, "कोन? वाघाटी?"

"वाघाटी."

"आखाडात खायाची?"

पहिली हसली ती कमलबाई. मग टोळीतल्या बाया, मग काठीवाले. कुणी म्हणालं, आता हिची भाजी कर गं. कुणी म्हणालं, वाघाट्याला पाय फुटले. मुकादम तेवढा हसला नाही, पण त्याने काडेपेटी खिशात ठेवली. पन्नास माणसांची भीती एका भाजीच्या नावाने उतरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सरांनी मग समजावलं, ही मोठी झाली तरी कोंबडीएवढी, उंदीर खाते, माणसाला भिते. वनरक्षक बाईंना फोन लावला. त्या अर्ध्या तासात पोचणार होत्या.

त्या अर्ध्या तासात मी चूक केली.

सर मुकादमाशी बोलत होते. गर्दी पुन्हा पुढे सरकली, कुणाचा तरी पाय घमेल्याला लागला आणि एक पिल्लू पाटाच्या चिखलात पडलं. सगळे नुसते ओरडले. मी उचललं. नाकातोंडात चिखल गेला होता. माझ्या कमरेच्या पिशवीत वरच्या कप्प्यात काय आहे ते मला नेहमी माहीत असतं: ओले पुसणे, वाइप्स म्हणतात ते, लॅव्हेंडरच्या वासाचे, प्रवासातले. मी एक काढला, नाक पुसलं. श्वास सुरू झाला. मग दुसरा काढला आणि पाठ, पोट, पाय, सगळं स्वच्छ पुसून काढलं. पिल्लू चमकायला लागलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

वनरक्षक शेख मॅडम मोटारसायकलवर आल्या. तिशीच्या, खाकी, बूट गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले. त्यांनी गर्दी मागे लोटली, घमेल्यावर वाकल्या आणि थांबल्या.

"ही खुशबू कशाची?"

मी सांगितलं. पुसण्याचं पाकीटसुद्धा दाखवलं, काय तर म्हणे त्यात स्पिरिट नाही.

"नाक पुसलं, ठीक. बाकी कामून पुसलं मॅडम?" त्या रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मायनं चाटून लावलेला वास हेच्या अंगाला होता. तो तुमी काढून टाकला अन् दुसराच लावला."

"मग ती घेणार नाही?"

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकतेच असं नाही. ओलं झालेलं, चिखलातलं बऱ्याचदा नेतात. पण असला वास... मला माहीत नाही, ताई."

मला माहीत नाही, हे उत्तर मला आयुष्यात आवडलेलं नाही.

पिल्लं सापडली त्याच जागी, उभ्या सऱ्यांच्या तोंडाशी, फळांचं एक लाकडी खोकं आडवं ठेवायचं ठरलं. आत घरट्यातलं पाचट. बाजूच्या खुंटाला, काही हललं की आपोआप व्हिडिओ घेणारा कॅमेरा. आई संध्याकाळी येऊन नेईल, पण तीन अटींवर: माणूस नको, आवाज नको, आणि त्या चार सऱ्या तोडायच्या नाहीत.

मुकादम म्हणाला, "टोळी उद्या दुसऱ्या गावाला जायलीय. चार सऱ्यांसाठी परत येनार न्हाई मी."

"येऊ नको," कमलबाई म्हणाली. "त्या बेण्याला ठेवायच्या हायेत."

"काल तर म्हनलाव, सगळा तोडा!"

"काल काल होतं."

बेणं म्हणजे पुढच्या लागणीसाठी राखलेला ऊस. त्याला मुकादमही काही बोलू शकत नाही. तो टोळी घेऊन गेला. कमलबाईने मला डोळा मारल्यासारखं केलं, पण कदाचित उन्हामुळे असेल.

मग आमच्यातच वाद झाला. डॉक्टरांना बांधावर लपणं बांधून बसायचं होतं. आई येणार हे नक्की, जागा नक्की, उजेड असेपर्यंत फोटो नक्की. "मी अख्खा महाराष्ट्र ओलांडून आलोय. मी पन्नास फूट लांब बसतो. हलणार नाही. नीलिमाताईंसारखा मी नाही."

"बिलकुल न्हाई," शेख मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमचीही पाचवी खेप आहे ना? बोला तुम्ही."

खरं सांगते, मला बसायचं होतं. वाघाटीसाठी नव्हे, ते पुसलेलं पिल्लू ती उचलते का, हे पाहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नव्हतं. आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टर, चला." ते जीपपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालले. जीपमध्ये पाठ फिरवून लेन्स पुसत बसले.

दुपारी कमलबाईने जेवायला बोलावलं, तिच्या घरी, फडापासून लांब गावात. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग बोलणं. इथे आधी बोलणं. कुठल्या, किती लेकरं, नवरा काय करतो, एकट्या कशा आल्या, त्याला भाकरी कोण करून घालतंय. मी म्हटलं, तोच करतो. कमलबाईने शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि तव्यावरचं पिठलं. मी अर्धीच भाकरी खाल्ली.

"वैनी, जेवा बैजवार," ती म्हणाली, म्हणजे नीट, निवांत. "पिल्लू मायचं हाय. माय बघून घेईल."

"आणि नाही घेतलं तर?"

"मंग तुमचं काय चालनार हाय?"

संध्याकाळी आम्ही मळ्याच्या पडवीत बसलो. फड दोन किलोमीटरवर. मी पिशवी रिकामी करून पुन्हा भरली. पुसण्याचं पाकीट बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं. उद्याच्या कामांची यादी केली. यादीत एकच काम निघालं, तेही माझं नव्हतं. वसुधाताईंनी चाळीस वर्षं नवजात बाळांच्या विभागात काढली. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही तर बाळांना पावडरही लावत असू. आया काय सोडून जायच्या?" मग स्वतःच म्हणाल्या, "पण त्या वासावरून ओळखत नव्हत्या म्हणा."

रविवार, ११ फेब्रुवारी. तोच फड, मग परभणी स्टेशन.

उजाडताच शेख मॅडम एकट्या खोक्यापाशी गेल्या. आम्ही रस्त्यावर जीपमध्ये. त्या परत आल्या तेव्हा दुरूनच बोट वर केलं. एक.

एक नेलं होतं. एक उरलं होतं. कुठलं उरलं, ते विचारावं लागलं नाही. त्यांनी सोबत आणलेलं खोकं पुढे धरलं तेव्हा बारीक लॅव्हेंडर अजून येत होतं.

"कॅमेऱ्यात बघितलं," त्या म्हणाल्या. "दिवस मावळताच आली. ह्याला हुंगलं, बाजूला झाली, दुसरं उचललं अन् गेली. परत आलीच न्हाई."

सर म्हणाले, एका फेरीत एकच नेता येतं, दुसरी फेरी राहिली असेल, कुत्री भुंकली असतील. कारणं चांगली होती. मी एकही लिहून घेतलं नाही.

शेख मॅडमनी पशुवैद्यांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. पिल्लू कापडात, शेजारी कोमट पाण्याची बाटली, थेंबाथेंबाने पातळ केलेलं दूध. मग दुसऱ्या पिल्लाच्या खालचं, मुतलेलं, घरट्याचा वास लागलेलं पाचट त्यांनी हातमोज्यांनी घेतलं आणि या पिल्लाच्या अंगावरून हळूहळू फिरवलं. मानेवरून, पाठीवरून, पोटावरून. मी जिथे जिथे पुसलं होतं तिथे तिथे. "संध्याकाळी परत ठेवते. आज अजून एक चान्स."

"आणि आज नेलं नाही तर?"

"मंग हे आमच्याकडंच. बाटलीवर वाढेल, पिंजऱ्यात. जंगलात परत सोडता येईलच असं न्हाई."

आमची गाडी संध्याकाळी होती. म्हणजे तो चान्स साधला का ते आम्हाला कळणार नव्हतं. मी राहण्याविषयी विचारलं. शेख मॅडम म्हणाल्या, "राहून काय करणार मॅडम? तुमी जितक्या लांब, तितकं बरं." हे त्यांनी हसून म्हटलं. खरंही होतं.

दहाच्या सुमाराला सरांनी आम्हाला हरभऱ्याच्या एका रानाकडे नेलं, बहुधा डॉक्टरांचा रुसवा जावा म्हणून. आणि तिथे, बांधावर, भर उन्हात, एक मोठं रानमांजर बसलं होतं. बाऊल म्हणतात ती जात. उंच पाय, कानांना काळी टोकं, आखूड शेपटी. त्याने आमच्याकडे पाहिलं, जांभई दिली, उंदरावर झेप घातली, ती चुकली, आणि चुकलंच नाही असं दाखवत अंग चाटत बसलं. डॉक्टरांची लेन्स शिवणयंत्रासारखी चालत होती. वसुधाताईंनी माझा हात धरला. असं दर्शन लोक वर्षानुवर्षं शोधतात. मी दुर्बिणीतून पाहिलं, आणि नंतर पाहिलं तर नोंदीत वेळ सकाळी दहाऐवजी संध्याकाळचे सहा लिहिली होती.

परत येताना डॉक्टर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "नीलिमाताई, तुम्ही नाक पुसलं नसतं तर ते गुदमरलं असतं. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो."

"आणि पाठ?"

"पाठीचं मी सांगू शकत नाही. मी दातांचा डॉक्टर आहे."

स्टेशनवर सरांनी हुरड्याची पुडी दिली, कमलबाईने पाठवलेली. गाडी अर्धा तास उशिरा. मी फलाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या ते वसुधाताईंना विचारा. सूर्य मावळला तेव्हा आम्ही अजून फलाटावरच होतो. खोकं आता ठेवलं असेल, मी म्हणाले. हो, वसुधाताई म्हणाल्या. कॅमेरा लावला असेल. हो गं. कुत्री बांधली असतील ना? त्यांनी मला हुरडा दिला आणि खा म्हणाल्या.

सोमवार, १२ फेब्रुवारी. गाडीत.

सकाळी सातला फोन आला. मी नाव न बघताच उचलला.

"मॅडम, नेलं!"

मी उभी राहिले. वरच्या बर्थला डोकं आपटलं.

"ऐका ना," शेख मॅडम सांगत होत्या. "आली, हुंगलं, बाजूला झाली. मला वाटलं खतम. मंग परत आली. मानेला धरून बाहेर ओढलं, पर नेलं न्हाई. तिथंच बसली अन् चाटायला लागली. मानेपासून शेपटीपर्यंत. पलटी करून पोट. किती वेळ! कॅमेरा थांबायचा, परत चालू व्हायचा, ही चाटायलीच. तुमची ती खुशबू पार काढून टाकली, मंग उचललं. व्हिडिओ पाठवते."

"कुठे नेलं?"

"कुठं काय, त्या चार सऱ्यांतच. तिथंच बिऱ्हाड केलंय तिनं."

व्हिडिओ काळापांढरा, धूसर आहे. मी तो बऱ्याच वेळा पाहिला. तिची जीभ पिल्लाला इतक्या जोरात लागते की ते प्रत्येक वेळी उलटं पडतं आणि ती पंजाने पुन्हा सरळ करते. वसुधाताई म्हणाल्या, हे बघ, न्हाऊ असं घालतात.

चिपळूण, पंधरवड्यानंतर.

हे लिहून होत आलं तेव्हा कमलबाईचा फोन आला. नंबर सरांकडून घेतलेला. आधी माझ्या नवऱ्याच्या भाकऱ्यांची चौकशी. मग कामाचं. तिच्या सगळ्या रानात नांगर फिरला आहे, पाणी सोडून झालं, लागण तेवढी अडकली आहे. बेणं आहे ते त्या चार सऱ्यांत. मुकादमाला थाप मारताना सांगितलेलं बेणं आता खरंच बेणं झालं आहे. बाहेरून आणायला नवरा तयार नाही. मोकळ्या काळ्या रानात त्या चार सऱ्या नुसत्या उभ्या आहेत. येणारा-जाणारा विचारतो. रोज संध्याकाळी ती बांधावरून लांबून बघते. दोनदा तिला वाळलेल्या पाचटात काहीतरी हललेलं दिसलं. एकदा तीन शेपट्या दिसल्या, असं ती म्हणते.

"मी कोयता लावनार न्हाई, तुमी फिकीर करू नका," ती म्हणाली. "पर फेब्रुवारी संपायलाय. तुमी वहीवाल्या हाव. मला एक तारीख सांगा, ही मायलेकरं कवा जातील? त्या दिवशी लागण धरते."

मी म्हटलं, विचारून सांगते. सरांना फोन केला. ते म्हणाले, पिल्लं आईमागून शिकार शिकतील तेव्हा. तीन आठवडे लागतील, दोन महिने लागतील, ती सांगून थोडीच जाणार. शेख मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तारीख? आणि हसल्या.

याला चार दिवस झाले. भिंतीवरचं कॅलेंडर समोर आहे, पेन्सिल हातात आहे. कमलबाईला उलटा फोन करायचा राहिला आहे.